वाढाव्याचे दारिद्र्य

आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली की देश लुटला जातो, असा युक्तिवाद अमेरिकेच्या अध्यक्षांनी एप्रिल २०२५मध्ये केला. एखाद्या देशाशी असलेल्या मालव्यापारातील तुटीला तिथून येणाऱ्या आयातीने भागायचे आणि उत्तर निम्मे करायचे, असे आयातशुल्काचे सूत्रही त्यांच्या प्रशासनाने दिले. हे खरे मानले तर वाढावा असलेला देश सुखी असायला हवा. तसे का घडत नाही, हे समजायला दादाभाई नौरोजींचे १९०१ सालचे ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ पुन्हा उघडावे लागते.

दादाभाईंच्या काळात हिंदुस्थानची निर्यात वर्षानुवर्षे आयातीहून अधिक होती, तरी देश दरिद्री होता. भारतमंत्री लंडनमध्ये ‘कौन्सिल बिले’ विकत. इंग्रज व्यापारी पौंड मोजून ती घेत आणि ती वटवून इथल्या सरकारी तिजोरीतून रुपये मिळत. तिजोरी भरत होती ती रयतेच्या करांतून. म्हणजे निर्यातीच्या मोठ्या भागाची किंमत देशाने स्वतःच चुकती केली. पौंड निवृत्तिवेतन, व्याज अशा ‘होम चार्जेस’पोटी लंडनमध्येच राहिले. व्यापारशेषाच्या आकड्यामागे जाऊन भरणा कुठे होतो हे शोधणे, ही या ग्रंथाची खरी कमाई.

त्याची मर्यादा न्यायमूर्ती रानड्यांनी आधीच हेरली होती. १८९०च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत त्यांनी सांगितले, की या देण्याचा काही भाग कर्जाऊ भांडवलाचे व्याज आहे आणि ते भांडवल स्वस्तात मिळते आहे. खंडणीचा वाद बाजूला ठेवून उद्योग उभारणीकडे वळावे. आक्षेप बिनतोड वाटतो. पण कर्ज काढायचे की नाही, कशासाठी काढायचे, हे ऋणको ठरवत नव्हता. या प्रश्नाला रानड्यांच्या मांडणीत पुरेसे वजन मिळत नाही.

ते वजन १८९६ने दाखवले. आयात सुती कापडावर साडेतीन टक्के शुल्क बसले आणि लँकेशायरच्या समाधानासाठी इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादला गेला. शुल्क होते, संरक्षण नव्हते. हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला.

आज अमेरिकेची तूट म्हणजे दुसऱ्या बाजूने तिथे शिरणारे परकीय भांडवल. ती कर्ज स्वतःच्या चलनात आणि स्वतःच्या मर्जीने काढते. ही तूट धोक्याची ठरूही शकते; लूट मात्र नव्हे. बंदरावर शुल्क भरतो तो तिथलाच आयातदार. ऑगस्ट २०२५मध्ये भारताच्या बहुतेक मालावर ते पन्नास टक्क्यांवर गेले, तेव्हा इकडेही केवळ तूट-वाढाव्याची बेरीज-वजाबाकी रंगली. दादाभाई आणि रानडे एकत्र वाचले, तर आपण आधी विचारू : पैसा कुठे थांबला, आणि निर्णय कोणी घेतला?