साबण कुठे कुणी खातं?

चंदनाच्या साबणाची छोटी वडी होती ती, हॉटेलात देतात तेवढी. मी प्रोजेक्टसाठी पोर्टलंडला निघालो तेव्हा आईने बॅगेच्या कोपऱ्यांत अशा दहा-बारा वड्या कोंबल्या होत्या. त्यातली एक मी ओरेगनच्या जंगलात, आडव्या पडलेल्या झाडाच्या ढोलीत लपवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली आणि बदल्यात एक काचेची गोटी उचलली. वहीत नाव-तारीख लिहिली, डबा होता तसा लपवला आणि खुशीत घरी आलो.

तीन आठवड्यांनी डब्याच्या मालकाचा मेसेज आला. साबणाच्या वासाने कुठलासा प्राणी आला असावा. त्याने झाकणाची कड कुरतडली, आत पाणी शिरलं आणि वहीचा लगदा झाला. त्या वहीत आठ वर्षांच्या सह्या होत्या. मेसेजात एकही वाकडा शब्द नव्हता. मी नवीन दिसतो म्हणून सांगतोय, एवढंच लिहिलं होतं. मला मात्र आधी रागच आला. खाण्याचे पदार्थ ठेवू नका हा नियम मी वाचला होता. साबण कुठे कुणी खातं?

ऑफिसात कुणी युजर असा प्रश्न घेऊन आला तर आम्ही चहाच्या वेळी त्याच्यावर हसतो. या वेळी तो युजर मी होतो. म्हणून मग या खेळाचे नियम पुन्हा वाचायला घेतले, एखादा मजकूर वाचावा तसे. काही नियम मला फार चांगले लिहिलेले वाटले. सगळ्यात प्रसिद्ध नियम मात्र फसलेला वाटला.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. जिओकॅशिंगमध्ये कुणीतरी डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण फोनच्या जीपीएसवर जागा गाठायची, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. मोठ्या डब्यांत किडुकमिडुक वस्तू असतात, त्यांना खेळाडू 'स्वॅग' म्हणतात. त्यातली एक घ्यायची, आपली एक ठेवायची. जगभर असे लाखो डबे आहेत. पुण्या-मुंबईच्या आसपासही थोडे आहेत.

खेळाची सुरुवात मी राहत होतो त्या पोर्टलंडच्या जवळच झाली. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रं एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या माणसाने बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात एक काळी प्लॅस्टिकची बादली जवळपास पूर्ण जमिनीत पुरली आणि जागेचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता. अट एवढीच की काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा.

आजच्या नियमांनी तपासलं तर ही पहिली बादली नापास होते. डबा लपवायला जमीन खणायची नाही. आत खाण्याचं काही ठेवायचं नाही. शस्त्रं नाहीत, आणि गलोल त्यात धरायची की नाही यावर दोन खेळाडू तासभर भांडू शकतात. दारू, फटाके, औषधं, लहान मुलांच्या हाती पडू नये असं काहीही नाही.

एवढी बंदी वाचून माणूस वैतागतो. पण आमच्या कामात जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली आणि ती काढायला गेलं, की सिनियर म्हणतात, 'राहू दे, तिच्यामागे कुणाची तरी जागलेली रात्र आहे.' ही यादीही तशीच आहे. खणायचं नाही, कारण जमीन कुणाची तरी असते आणि दुसरा शोधणारा चार ठिकाणी खणत सुटतो. डब्यावर ओळख ठळक लिहायची, कारण २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात अशाच एका डब्यापायी रस्ता रिकामा करून बॉम्बशोधक पथकाने तो उडवून दिला होता. सैन्याच्या दारूगोळ्याच्या जुन्या लोखंडी पेट्या खेळाडूंच्या फार आवडीच्या, पण त्यांच्यावरची लष्करी अक्षरं आधी रंगवून झाका असं सांगतात, तेही यासाठीच. खाणं नको, कारण जंगलातल्या नाकांना सीलबंद पाकीट वगैरे काही कळत नाही.

माझी चूक इथेच होती. मी नियमातला शब्द वाचला, त्यामागचं नाक विसरलो. प्राण्याच्या लेखी खाण्याचा पदार्थ आणि वासाचा पदार्थ यांत फरक नाही. म्हणूनच अनुभवी खेळाडू सुगंधी मेणबत्ती, लिप बाम, वासाची खोडरबरंसुद्धा डब्यात ठेवत नाहीत. यादीत प्रत्येक वस्तूचं नाव येऊ शकत नाही. पण प्रत्येक 'नको'च्या पुढे कोण उभं आहे ते दिसतं. कुठे प्राणी, कुठे पाऊस, कुठे पोलीस, कुठे सहा वर्षांचं पोर. ज्या नियमात तो पुढचा दिसतो तो मला चांगला नियम वाटतो.

आता तो प्रसिद्ध नियम. मूळची अट फक्त घ्या आणि ठेवा एवढीच होती. पुढे खेळ वाढला तसं तिला शेपूट जोडलं गेलं: जे घ्याल त्याच्या तोडीचं किंवा त्याहून जास्त किमतीचं काहीतरी ठेवा. ऐकायला न्याय्य आहे. पण माझाच हिशेब मांडून बघा. मी गोटी घेतली, साबण ठेवला. किमतीने साबण भारी. म्हणजे नियमाप्रमाणे मी उत्तम वागलो आणि डब्याचा सत्यानाश केला. माझ्या आधी आलेल्या कुणीतरी काहीच घेतलं नव्हतं, काहीच ठेवलं नव्हतं. हे लोक वहीत 'टीएनएलएन' लिहितात. त्याचा हिशेब शून्य, पण डबा शाबूत.

या नियमाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, तोल राखला नाही तर चांगल्या वस्तू निघून जातात आणि कचरा उरतो. खरं आहे. मी उघडलेल्या कितीतरी डब्यांत बर्गरसोबत फुकट मिळालेली मोडकी खेळणी, मुदत संपलेली कूपनं, व्हिजिटिंग कार्डं आणि ओले स्टिकर होते. लहान मुलांना घेऊन आलेल्या आईबापांचे चेहरे अशा डब्यापुढे कसे पडतात, तेही पाहिलंय. दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. डबा उघडताना आजूबाजूला कुणी नसतं, किंमत ठरवायला दुकानदार नसतो. आणि किमतीची भाषा आली की माणूस नकळत स्वतःच्या बाजूने मोजतो. मीसुद्धा गोटी उचलताना मनात 'स्वस्तात मिळाली' असंच म्हणालो होतो.

खेळात याहून शहाणी कल्पना आहे, ट्रॅव्हल बग. नंबर कोरलेला धातूचा बिल्ला एखाद्या वस्तूला जोडतात आणि ती वस्तू डब्याडब्यांतून प्रवास करते. ती सापडली तर ठेवून घ्यायची नाही, पुढच्या डब्यात पोचवायची. तरी काही मालक अट घालतात की एक बग ठेवल्याशिवाय दुसरा न्यायचा नाही. टीकाकार अशा डब्यांना बगांचा तुरुंग म्हणतात. मी टीकाकारांच्या बाजूने आहे. प्रवासाला निघालेल्या वस्तूला जामीन मागायचा नसतो.

सगळ्यात अवघड भांडण धर्माचं. डब्यांत कधीकधी प्रचाराच्या पुस्तिका सापडतात. काही म्हणतात, कागदच तो, नको असेल तर घेऊ नका. माझं मत आधी सोपं होतं: ती भेट नाही, जाहिरात आहे, बाहेर काढा. मग लक्षात आलं की माझ्या ड्रॉवरमध्ये छोटे पितळी गणपती पडलेत आणि पुढच्या डब्यात त्यातला एक ठेवायचं माझ्या डोक्यात होतं. माझ्यासाठी ती आठवणीची वस्तू. पुढच्या माणसाला ती पुस्तिकेसारखीच वाटणार नाही कशावरून? आणि मोडक्या खेळण्यांत, चिखलात तो पडलेला मला तरी बघवला असता का? पुस्तिका काही मागते, गणपती काही मागत नाही, हा फरक मला अजूनही खरा वाटतो. पण तो फरक डब्याच्या आत दिसत नाही, माझ्या मनात दिसतो. म्हणून गणपती ड्रॉवरमध्येच राहिला.

राग उतरल्यावर मी मालकाला माफीचा मेसेज केला आणि नवी वही मी आणू का असं विचारलं. एका शनिवारी आम्ही ढोलीपाशी भेटलो. सत्तरीचे गृहस्थ, हातात काठी, पाठीवर नवा डबा. जुन्या वहीतल्या काही पानांचे फोटो त्यांच्याकडे होते, बाकीची पानं गेली. मी पावसात न भिजणाऱ्या कागदाची वही नेली होती. तिथे उभं राहून कळलं की डब्यातली जपण्यासारखी वस्तू एकच होती, आणि ती कुणीच देवाणघेवाणीत धरत नव्हतं. गोट्या नसल्या तरी खेळ चालतो. नखाएवढ्या डबीतही सहीपुरती कागदाची गुंडाळी लागतेच. आत काय शोभतं याचं माझं उत्तर मी तिथून उचललं: वहीला आणि पुढच्या हाताला इजा न करणारं काहीही. किंमत विचारू नका.

त्यांना हे पटलं नाही. तोडीचं ठेवा, हे लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड त्यांनी नव्या डब्यातही घातलं. नियम नसेल तर लोक कचरा टाकतात, असं ते म्हणाले. नियम असूनही टाकतातच की, असं मी म्हणालो. त्यावर ते हसले आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी पहिल्या पानावर तारीख घातली, सही केली. खिशातली गोटी डब्यात परत ठेवली. घेतलं काहीच नाही.