सांध्यावरील ध्वनी

कार्यालयातील जुन्या ईपीएबीएक्सला इंटरनेट दूरध्वनीची जोड देण्याविषयी जे लेखन आढळते, ते बहुधा खर्चाच्या बचतीपाशी सुरू होऊन तेथेच संपते. आवाजाविषयी त्यात एकच विधान असते : यंत्रणा अंकीय झाली की उच्चार स्वच्छ ऐकू येतो. ध्वनिविचाराच्या दृष्टीने हे विधान तपासणे अगत्याचे आहे. कारण जुने आणि नवे जेथे सांधले जाते, त्या गेटवेपाशी ते टिकत नाही.

जुन्या दूरध्वनीची ध्वनिपट्टी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकी अरुंद. १९७२ चा जी.७११ हा संकेत तिच्यासाठीच बेतलेला : सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. १९८८ च्या जी.७२२ ने तेवढ्याच ६४ किलोबिटांत ७००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी सामावून घेतला. परंतु नव्या उपकरणावरून जुन्या एक्स्टेन्शनशी बोलताना अरुंद पट्टीवरच यावे लागते. मराठीला हे विशेष जाचते. ‘स’च्या घर्षणाचा बराच भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो, तो कापला जातो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील तालव्य-दंत्य भेदही बोथट होतो. (लिपी तर तो दाखवीतच नाही.) वाक्यात संदर्भ साहाय्यास येतो; विशेषनामात येत नाही, आणि मग ‘स सशाचा’ असे सांगण्याची पाळी येते.

जी.७२९ ची गोष्ट याहून उद्बोधक आहे. १९९६ मधील हा संकेत ८ किलोबिटांत भागवितो, कारण तो मानवी वागिंद्रियाचे प्रतिमान गृहीत धरून चालतो. जे वाणी नाही, ते त्याला नीट पेलत नाही. बटण दाबताच उमटणारे दुहेरी स्वर त्यातून विकृत होतात आणि पलीकडच्या केंद्राला अंक ओळखता येत नाही. यावर उपाय म्हणून अंक निराळ्या पॅकेटांतून, ध्वनीऐवजी केवळ चिन्ह म्हणून पाठविण्याची पद्धत २००० साली आरएफसी २८३३ ने घालून दिली. ध्वनी आणि चिन्ह यांची फारकत येथे अभियंत्यांनी निव्वळ गरजेपोटी केली, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेव्हा ‘जोडणी’ हा शब्दच काहीसा फसवा ठरतो. गेटवे करतो ते भाषांतर. कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यात ६४ किलोबिट सहज मिळत असता जी.७२९ निवडणे ही अनाठायी काटकसर होय. सांध्यावर जी.७११ ठेवावा, ज्या विभागांना नावे-पत्ते परस्परांना तोंडी कळवावे लागतात, त्यांची उपकरणे आधी बदलून त्यांना आपापसांत जी.७२२ वर बोलू द्यावे. बाहेरून साध्या लाइनीवर येणारा आवाज मात्र पूर्वीइतकाच अरुंद राहील.