मालिकेला पत्ता हवा

गोष्ट वेळेत संपवता येते, हे मराठी मालिकेला ओटीटीने शिकवलं. एरवी रोज संध्याकाळी लागणारी मालिका टीआरपी असेतोवर चालायची. लग्न मोडायचं, पुन्हा जुळायचं, मेलेला माणूस परत यायचा आणि लेखकाला पुढचे महिने ढकलायला सामान मिळायचं. आता सहा, आठ, फार तर दहा भागांत कारभार आटोपतो. 2019 पासून आलेल्या मराठी वेब मालिका एकापाठोपाठ पाहिल्या की लांबीचा प्रश्न बराचसा सुटलेला दिसतो. सुटलेला नाही तो जागेचा प्रश्न. ही माणसं नेमकी कुठं राहतात, काय कमावतात, कुणाला घाबरतात, हे बहुतेक मालिका सांगत नाहीत. ज्या सांगतात, त्याच लक्षात राहतात.

हे कोल्हापुरात बसून जास्त बोचतं, कारण आमच्या जिल्ह्याने पडद्याला जागा पुष्कळ दिली. 2016 साली झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि करवीर तालुक्यातलं वसगडे महाराष्ट्रभर पोचलं. लोक गाड्या करून नायकाचा, राणादाचा वाडा बघायला यायचे. सुरुवातीचे महिने खरोखर चांगले होते. न शिकलेला पैलवान, शिकलेली मास्तरीण, घरातला आखाडा आणि शेतातली मेहनत यांतून संघर्ष आपोआप उभा राहत होता. पुढं मालिका 2021 पर्यंत ताणली गेली आणि वसगड्याचं नुसतं नेपथ्य उरलं. वहिनीची कारस्थानं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये घडली असती तरी काही बिघडलं नसतं. तालीम, मिसळ, तांबडा-पांढरा आणि दर चार वाक्यांमागं एक ‘चालतंय की’ एवढ्यावर कोल्हापूर उरकायची सवय तिथून पडली, ती आजही सुटलेली नाही.

ओटीटीवर पहिली फळी एमएक्स प्लेयरने उभी केली. ‘आणि काय हवं’मध्ये जुई आणि साकेत हे तरुण नवरा-बायको, एक घर आणि दर भागाला एक छोटासा प्रसंग. वरुण नार्वेकर यांनी प्रिया बापट आणि उमेश कामत यांच्याकडून इतकं सहज काम करून घेतलं की भांडणसुद्धा ऐकावंसं वाटतं. मात्र या घराला शेजार नाही आणि पैशाची चणचणही फारशी नाही, त्यामुळे तिसऱ्या हंगामापर्यंत गोडवा जरा जास्त होतो. याच फळीतली ‘पांडू’ उलट टोकाची. सारंग साठ्ये आणि अनुषा नंदकुमार यांनी मुंबई पोलिसांतल्या हवालदारांचा दिवस दाखवला आणि त्यातला विनोद नोकरीच्या कंटाळ्यातून काढला. सुहास शिरसाट आणि दीपक शिर्के यांची जोडी बघताना हा माणूस घरी कधी जाणार, हीच उत्कंठा वाटत राहते. मला ती मालिका त्या फळीतली सर्वांत अस्सल वाटते आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं.

बोलबाला झाला तो ‘समांतर’चा. सुहास शिरवळकरांची कादंबरी, पहिल्या हंगामाला सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन आणि स्वप्नील जोशी यांनी आपली गोंडस प्रतिमा बाजूला ठेवून केलेला कुमार महाजन. दुसरा कुणीतरी आधीच जगून गेलेलं आयुष्य आपल्या वाट्याला येतंय, ही कल्पनाच इतकी जबरदस्त की 2020 मध्ये लोकांनी पहिला हंगाम एका बैठकीत संपवला. दुसऱ्या हंगामात रोज डायरीचं एक पान उलटायचं एवढ्यावर भिस्त राहिली. पान उलटलं की पुढं काय घडणार याचा अंदाज प्रेक्षकालाही यायला लागला आणि तिथं रहस्याची हवा गेली.

मग 2021 मध्ये प्लॅनेट मराठी आलं. फक्त मराठीचा ओटीटी ही हिमतीची गोष्ट होती. ‘अनुराधा’ आणि पाठोपाठ 2022 ची ‘रानबाजार’ गाजली. अभिजित पानसे यांच्या ‘रानबाजार’मध्ये मोहन आगाशे, सचिन खेडेकर, मकरंद अनासपुरे असे कसलेले नट होते. चर्चा मात्र प्राजक्ता माळी आणि तेजस्विनी पंडित यांच्या टीझरमधल्या दृश्यांचीच झाली. ‘बोल्ड’ असण्याला माझी हरकत नाही, हरकत आहे ती राजकारणाला. या मालिकेतला पक्ष कुठल्या पिकावर, कुठल्या बँकेवर, कुठल्या जातीच्या गणितावर उभा आहे, याचा पत्ता लागत नाही. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव पन्नास वर्षांनंतरही अंगावर येतो, कारण त्याच्या पाठीशी साखर कारखाना आहे. इथल्या नेत्यांच्या पाठीशी नुसतं पार्श्वसंगीत आहे. पुढं या मंचावरचा ओघही आटला. नुसती मराठी भाषा हे काही वर्गणी भरायचं कारण होत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

सोनी लिव्हवर मराठीला जरा बरं खतपाणी मिळालं. ‘शांतीत क्रांती’ तीन मित्रांना गोव्याच्या वाटेवरून उचलून ध्यानकेंद्रात नेते आणि पुरुषांना रडता का येत नाही, हे हसत-खेळत विचारते. पण या घडीला मराठी वेब मालिकेची सर्वांत मोठी उडी म्हणजे 2024 ची ‘मानवत मर्डर्स’. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात झालेल्या खुनांचा तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर ती उभी आहे. आशिष बेंडे यांनी काळ नुसता जुन्या गाड्यांतून उभा केला नाही, माणसांच्या बोलण्या-वागण्यातून केला. आशुतोष गोवारीकर यांचा कुलकर्णी आवाज न चढवता प्रश्न विचारतो. मकरंद अनासपुरे यांना विनोदाबाहेर काढून उत्तमराव बारहाते करायला देणं ही नटनिवडीतली कमाल. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी आपल्या बायका बिचाऱ्या होऊ दिल्या नाहीत. खोट एवढीच की खुनांचं क्रौर्य पुन्हा पुन्हा दाखवलं जातं आणि मूल-धनाच्या हव्यासामागची भीती, दुष्काळातला तो मराठवाडा मागं राहतो. तपास कळतो, गाव अर्धंच कळतं. तरीही पत्ता आहे म्हणूनच ही मालिका मराठीबाहेरही पाहिली गेली.

झी फाइव्हने 2025 मध्ये ‘अंधार माया’ आणि ‘बाई तुझ्यापायी’ आणल्या. पहिलीत कोकणातला वाडा आणि किशोर कदम हे दोन भक्कम आधार आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची. निपुण धर्माधिकारी यांनी नव्वदच्या दशकातलं गाव, देवीचा धाक आणि पाळी आली की मुलीचं शिक्षण तोडणारी रूढी यांची गोष्ट साजिरी जोशी या मुलीच्या भरवशावर पेलली. गोष्ट मूळची ‘अयली’ या तमिळ मालिकेची. रिमेक करणं गुन्हा नाही, पण बाईच्या शरीरावरच्या गावकीच्या हक्काची गोष्ट आपल्याला उसनी का आणावी लागली? बीडच्या ऊसतोड बायकांनी मजुरी बुडू नये म्हणून गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये देशभर गाजल्या. बीडकडच्या टोळ्या दर हंगामात ऊसपट्ट्यातल्या फडांत कोप्या टाकून राहतात. या विषयावर आठ भागांची मालिका लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

इतर भाषांनी जागेचं महत्त्व केव्हाच ओळखलं. तमिळ ‘सुळल’ गावातल्या मयान कोल्लै उत्सवाचे दिवस आणि सिमेंट कारखान्याचा संप यांच्यात रहस्य गुंफते. ‘कोहरा’ पंजाबातली जमीन, परदेशाची ओढ आणि घरातली घुसमट उलगडत नेते. दोन्हींत खुनी सापडला तरी प्रेक्षकाच्या मनात गाव उरतं.

आणि आमच्या खुनाचं काय झालं? अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली कोल्हापूर पोलिसांच्या हाती लागल्या 1996 मध्ये. लहान मुलं पळवून मारणाऱ्या या मायलेकींच्या प्रकरणावर 2019 मध्ये ‘पोषम पा’ हा हिंदी चित्रपट ओटीटीवर आला. माही गिल आणि सयानी गुप्ता यांनी कामं जीव ओतून केली, पण शहर आणि बोली निसटली. आमच्याकडं माणूस ‘काय करायलाईस?’ विचारतो, बायकाही ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. पडद्यावरचा कोल्हापूरकर मात्र मोठ्यांदा ओरडला की झाला रांगडा.

ही उणीव जुनी नाही, म्हणून जास्त लागते. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणारा शेतकरी, त्या भूमिकेत तरुण शांताराम. मूकपट असूनही त्याला पत्ता होता. 1929 मध्ये ‘प्रभात’ इथंच जन्मली आणि चार वर्षांत पुण्याला गेली. आता बाहेरचे लोक इथं चित्रीकरणाला येतात, मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लावतात आणि गोष्ट बरोबर घेऊन परत जातात.

स्वतःची साधनं, स्वतःचं गाव हा पेंटरांचा वसा आज चालवतंय ते यूट्यूब. बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’, साताऱ्याकडची नितीन पवार यांची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि त्यांचीच शाळकरी वयाची ‘आठवी-अ’ यांचे प्रेक्षक कुठल्याही पैसे भरायच्या मंचाला हेवा वाटावा इतके आहेत. नट गावातले, बोली तिथली, फड आणि पार खरे. दोषही आहेत. उपदेश पातळ ताकासारखा वाहतो, संपादन सैल असतं आणि बायका फार वेळा समजूतदारपणाच्याच भूमिकेत अडकतात. पण माणूस कुठं राहतो, हा प्रश्न तिथं पडत नाही.

कोल्हापुरापुरतं बोलायचं तर विषय दारात पडले आहेत. गोकुळ दूध संघाची निवडणूक घ्या. मतदार म्हणजे गावोगावच्या दूध संस्थांचे ठरावधारक, त्यांना सांभाळायला सहली, ठरावावरून भावाभावांत फूट आणि 2021 मध्ये उलटलेली वर्षानुवर्षांची सत्ता. यात खून नाही, तरी दहा भाग पुरणार नाहीत. 2019 च्या महापुरात महामार्ग बंद पडून शहर दिवसेंदिवस तुटलं, तेव्हाच्या एकेका गल्लीची वेगळी मालिका होईल.

माझी पैज मुंबईच्या कुठल्या मंचावर नाही. पुढची लक्षात राहणारी मराठी मालिका एखादी गावातली यूट्यूब टोळीच काढेल. तिने फक्त एक करावं: ड्रोनच्या शॉटवर उडणारे पैसे लेखकाला द्यावेत आणि त्याला सहा महिने लिहू द्यावं.