कायमचा क्रमांक, उघडी संदर्भयादी आणि बाहेर राहिलेले

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. पण प्राध्यापकाची बढती, नियतकालिकाची पत, इतकंच काय, एखादं लिखाण जगात आहे की नाही, हे सगळं आज त्यावर अडलेलं असतं. म्हणून तो घेतला.

शोधनिबंधाखाली १० या आकड्याने सुरू होणारा लांबलचक क्रमांक आपण पाहिलेला असतो. तो डीओआय. त्याला 'कायमस्वरूपी' ओळख म्हणतात. आमचा पहिला आक्षेप या विशेषणावरच आहे. क्रमांकात कायमपणा कुठेच नसतो. तो एका नोंदवहीत असतो आणि त्याच्यासमोर निबंधाचा सध्याचा वेबपत्ता लिहिलेला असतो. नियतकालिकाने बिऱ्हाड हलवलं की प्रकाशकाने तिथे नवा पत्ता लिहायचा. नाही लिहिला, तर क्रमांक शाबूत राहतो आणि वाचक मात्र कुलूप लावलेल्या दारापाशी पोचतो. म्हणजे हा तंत्राचा गुण नव्हे, हे एक वचन आहे. आणि वचन पाळायला माणूस लागतो, पैसा लागतो.

आता संदर्भयादीकडे येऊ. कुणी कुणाचा आधार घेतला याची सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये मांडली. त्यांच्यासमोर नमुना होता अमेरिकन वकिलांच्या 'शेपर्ड्स सायटेशन्स'चा. एखादा निवाडा पुढे टिकला की फिरवला गेला, हे वकील त्यात बघत. किती गंमत आहे पाहा: मूळ हेतू 'या विधानाचं पुढे काय झालं' हे शोधण्याचा होता. १९६४ला 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला, आणि हळूहळू शोधण्याचं साधन मोजण्याचं साधन झालं. तेही विकतचं. आपणच लिहिलेल्या संदर्भांची मोजदाद आपल्याच विद्यापीठांनी विकत घ्यायची!

२००० साली प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ उभारलं. अनेक प्रकाशक संदर्भयाद्या तिथे जमा करत, पण त्या बाहेर खुल्या करत नसत. एप्रिल २०१७मध्ये खुल्या संदर्भांची मोहीम जाहीर झाली. तिच्याआधी जमा झालेल्या याद्यांपैकी जेमतेम १ टक्का खुल्या होत्या; जाहीर होईपर्यंत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं होतं. यासाठी नवं यंत्र लागलं नाही, नवा खर्च नाही. प्रकाशकांनी फक्त हो म्हणायचं होतं. एल्सेव्हियर बराच काळ अडून राहिलं आणि २०२१च्या सुरुवातीला त्यांनीही याद्या खुल्या केल्या. पुढे जून २०२२पासून क्रॉसरेफने यादी बंद ठेवण्याची सोयच काढून टाकली. याचं कौतुक करावं तितकं थोडं. पॅरिसच्या सोर्बन विद्यापीठाने 'वेब ऑफ सायन्स'ची वर्गणी बंद करण्याचं ठरवलं, ते अशा खुल्या माहितीच्या भरवशावरच.

पण यादी खुली झाली म्हणजे ती खरी झाली, असं नाही. गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रकार उघडकीला आणला. निबंधाच्या छापील यादीत नसलेले संदर्भ क्रॉसरेफकडे पाठवलेल्या नोंदीत गुपचूप घातलेले होते. एका प्रकाशकाच्या तीन नियतकालिकांत नोंदलेल्या संदर्भांपैकी किमान ९ टक्के असे घुसवलेले निघाले. निबंध वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. कुणाच्या तरी खात्यावर मात्र संदर्भ जमा होत राहतात. ज्यांना खुलेपणा नकोच आहे ते हे उदाहरण लगेच पुढे करतील. आमचं म्हणणं उलट आहे. नोंद खुली होती म्हणून ती निबंधाशी ताडून बघता आली. बंद कोठारातली चोरी तपासायची तर आधी किल्ली मागावी लागते.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती मराठीत काम करणाऱ्यांना लगेच कळेल. खुल्या सूचींचा पाया एका क्रमांकाकडून दुसऱ्या क्रमांकाकडे जाणाऱ्या दुव्याचा आहे. समजा, महानुभाव वाङ्मयावरच्या इंग्रजी निबंधात वीस मराठी ग्रंथ आणि जुन्या मासिकांतले लेख आधाराला घेतलेत. त्यांना डीओआय नाही. मग ते यादीत नुसत्या अक्षरांची ओळ म्हणून पडून राहतात, त्यातही रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नावांनी. दुवा जुळत नाही, मोजणी होत नाही. आणि विद्यापीठातली समिती म्हणते, 'यांच्या कामाचा कुणी उल्लेखच केलेला दिसत नाही.'

'मग घ्या ना डीओआय' हे उत्तर सोपं आहे. क्रॉसरेफची वार्षिक वर्गणी डॉलरमध्ये असते, वर प्रत्येक क्रमांकाचं शुल्क वेगळं. २०२३पासून त्यांनी कमी उत्पन्नाच्या देशांना ही फी माफ केली. त्यात नेपाळ आहे, बांगलादेश आहे, भारत नाही. देशाच्या हिशेबाने ते बरोबरही असेल, पण वर्गणीदारांच्या जिवावर चालणाऱ्या त्रैमासिकाला देशाच्या उत्पन्नाचा काय उपयोग?

तूर्त एक वाट आहे. सर्न ही संस्था चालवत असलेल्या झेनोडोवर निबंध ठेवला तर डीओआय फुकट मिळतो, आणि संदर्भही नोंदवता येतात. काम किचकट आहे. संपादकाच्या घरी बसून कुणीतरी एकेक अंक चढवायला हवा, प्रत्येक लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये एकदाच ठरवून लिहायला हवं. मराठी विभागातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून जुन्या अंकांच्या संदर्भयाद्या द्याव्यात, असं आम्ही सुचवू. सुरुवात हाताशी असलेल्या एका वर्षाच्या अंकांपासून करावी. हक्कांची परवानगी मात्र आधी लेखी घ्यावी.