मिश्काल मशीद: ‘मंदिरसदृश’ या विशेषणाची चिकित्सा

कोझिकोड (पूर्वीचे कालिकत) येथील कुट्टिचिरा भागातील मिश्काल मशिदीला भेट देऊन लिहिलेल्या प्रवासपर लेखनात दोन विधाने हमखास आढळतात: ही मशीद मंदिरासारखी दिसते आणि म्हणून ती धार्मिक सौहार्दाचे प्रतीक आहे. ही विधाने सद्भावनेने केलेली असतात, यात शंका नाही. तथापि त्यांमुळे वास्तूचे आकलन तोकडे राहते.

तळ्यालगतच्या या चार मजली वास्तूला घुमट नाही, मिनारही नाहीत. दगडी जोते, कोरीव खांब, वरच्या मजल्यांवरील लाकडी जाळ्या आणि एकावर एक उतरती छपरे असे तिचे रूप आहे. विजापूरच्या किंवा कोकणातील दाभोळच्या घुमटदार मशिदी पाहिलेल्या मराठी अभ्यासकाला ती अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिला ‘मंदिरासारखी’ म्हणताच मंदिर हे मूळ व मशीद ही उसनवारी ठरते. वस्तुतः वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस झेलणाऱ्या मलबारात मंदिर, राजवाडा आणि सधन घर या सर्वांचे सुतारकाम समाईकच होते. गवताच्या वा कौलांच्या उतरत्या छपराला धर्म कसा चिकटवावा?

मशिदीचा निर्माता नाखुदा मिश्काल हा चौदाव्या शतकातील जहाजमालक होता. (कोकणातील ‘नाखवा’ हा शब्द याच फारसी मुळाचा.) इब्न बतूताने त्याच्या संपत्तीची आणि चीन, येमेन व इराणपर्यंत जाणाऱ्या जहाजांची नोंद केली आहे. म्हणजे ही वास्तू सुलतानी आश्रयातून नव्हे, तर सामूतिरीच्या बंदरातील व्यापारी भांडवलातून उभी राहिली. घुमटाचा अभाव या संदर्भात पाहिला पाहिजे.

‘सौहार्द’ या कल्पनेचीही अशीच फेरतपासणी आवश्यक ठरते. जानेवारी १५१० मध्ये कुतिन्यो व अल्बुकर्क यांच्या सैन्याने कालिकतवर हल्ला करून ही मशीद जाळली. सोळाव्या शतकातील झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफत अल-मुजाहिदीन’ या अरबी ग्रंथात ही घटना नोंदविली आहे. सामूतिरीच्या सैनिकांनी तो हल्ला परतविला. कुतिन्यो त्यात मारला गेला. पुढे १५७१ मध्ये सामूतिरीने चालियमचा पोर्तुगीज किल्ला घेतला व त्याचे लाकूड मशिदीच्या दुरुस्तीस दिले, असे परंपरा सांगते. ही कथा प्रवासलेखकांना प्रिय आहे आणि ती सांगितलीही जावी. मात्र तिच्यातील मैत्रीला बंदराच्या जकातीचा व समान शत्रूचा भक्कम पाया होता, हे सहसा लिहिले जात नाही. हितसंबंध बदलताच १५९९-१६०० मध्ये सामूतिरीने त्याच पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून आपलाच नौदलप्रमुख चौथा कुंजाली मरक्कार याला वेढले. शरण आलेल्या कुंजालीला पोर्तुगीजांनी गोव्यास नेऊन १६०० मध्ये त्याचा शिरच्छेद केला.