तखरीब आणि तामीर : मोडता येणाऱ्या जगाची ओढ

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांकडे व्हिडिओ गेमविषयी एक ठरलेले भाषण असते. मुले बिघडतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो. पालकसभेत हे भाषण आम्हीही अनेकदा केले आहे. परंतु जी वस्तू आपण कधी नीट पाहिलेली नाही तिच्यावर निकाल देणे हे बी.एड.ला शिकलेल्या कुठल्याच तत्त्वात बसत नाही. म्हणून गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही भाच्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या आवडीचा एक खेळ अथपासून इतिपर्यंत खेळलो. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे त्या खेळाचे परीक्षण येथे करीत आहोत.

खेळाचे नाव 'रेड फॅक्शन : गुरिल्ला'. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन येथील व्होलिशन या कंपनीने तो 2009 मध्ये बनवला. 2018 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि 2023 मध्ये कंपनी बंद पडली. या खेळाला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्याला एकाच वाटेने हाकलले जात नाही. समोर एक विस्तीर्ण मुलूख पसरलेला असतो. कुठे जायचे, आधी काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि या मुलखातली माणसाने बांधलेली प्रत्येक इमारत मोडता येते.

कथानक साधे आहे. मंगळ ग्रहावर माणसांनी वस्ती केली आहे, खाणी काढल्या आहेत. साल 2125. अ‍ॅलेक मेसन नावाचा खाणकामातला जाणकार रोजगारासाठी तिथे पोचतो. त्याचा भाऊ डॅन आधीपासूनच तिथल्या बंडखोरांना सामील आहे. पृथ्वीच्या फौजेच्या हातून तो मारला जातो आणि अ‍ॅलेक हातात घण घेऊन बंडात उतरतो. यातली एक गोष्ट आम्हांला विचार करण्यासारखी वाटली. 2001 साली आलेल्या पहिल्या 'रेड फॅक्शन'मध्ये याच फौजेने खाणकामगारांना एका जुलमी कंपनीच्या तावडीतून सोडवले होते. आता तीच फौज मालक होऊन बसली आहे. सोडवायला आलेला पाहुणा घरात ठाण मांडतो, हा अनुभव आपल्या इतिहासाला नवा नाही. मात्र लेखकांनी ही कल्पना तिथेच सोडून दिली. फौजेतल्या एकाही माणसाला चेहरा नाही. डॅनचा मृत्यू इतक्या घाईने उरकला आहे की अ‍ॅलेकच्या दुःखावर विश्वास ठेवायला वेळच मिळत नाही. कादंबरी म्हणून पाहिले तर हा खेळ सामान्यच म्हणावा लागेल.

मग मुले त्याला का चिकटतात? आम्ही प्रथम घण घेऊन एका चौकीच्या भिंतीवर धडाधड मारत सुटलो. भिंतीला भोके पडली, चौकी उभीच राहिली. भाचा हसून म्हणाला, "मामू, दीवार कू नक्को मारो, खंबा देखो." आम्ही खांब शोधले. दोन पाडले, तिसरा वाकला, क्षणभर काहीच झाले नाही. मग वरचे छत करकरले आणि सगळा डोलारा खाली आला.

या क्षणातच खेळाची सगळी ओढ आहे. बहुतेक खेळांत इमारत कोसळते तेव्हा ते आधी काढून ठेवलेले चित्र असते. कुठूनही गोळी मारा, तीच भिंत त्याच रीतीने पडणार. इथे भार कुठे आहे, तो कशावर टेकला आहे, याचा हिशेब यंत्र सतत करीत असते. आधार काढला की वजन दुसऱ्या आधारावर जाते आणि त्याला ते पेलले नाही की तोही जातो. बनवणाऱ्यांनी सांगितले आहे की त्यांच्या कलाकारांनी नुसत्या शोभेसाठी रचलेल्या इमारती या हिशेबात टिकेनात, आपल्याच वजनाने खाली येत. तेव्हा त्यांना खऱ्या बांधकामासारखे खांब आणि तुळया द्याव्या लागल्या. म्हणजे नीट मोडता यावे म्हणून आधी नीट बांधावे लागले.

तखरीब आणि तामीर, म्हणजे विध्वंस आणि रचना, ही जोडी उर्दू वाचणाऱ्यांच्या ओळखीची आहे. शाळेत आम्ही ती विरुद्धार्थी शब्द म्हणून शिकवतो. हा खेळ पाहिल्यावर वाटले की लहान मूल घड्याळ उघडते तेव्हा त्याच्या हातात हे दोन्ही शब्द एकत्र असतात. जे मूल दिवसभर 'हात लावू नकोस' हेच ऐकते, त्याला एक असे जग मिळते की जे हात लावल्यावर उत्तर देते. वर्गात आमच्या किती कृतींना असे उत्तर मिळते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला आणि फार समाधान झाले नाही.

तुलनेसाठी भाच्याने दुसरा खेळ दाखवला, 'जस्ट कॉज 2'. स्वीडनच्या अ‍ॅव्हलांच कंपनीचा, 2010 सालचा. आग्नेय आशियातील पानाऊ नावाचा काल्पनिक बेटांचा देश, त्यावर एक हुकूमशहा आणि त्याला खाली खेचायला आलेला परक्या गुप्तहेर संस्थेचा माणूस. इथे राहती घरे मोडत नाहीत. सरकारी खूण असलेल्या वस्तू तेवढ्या मोडतात. जितके मोडाल तितके 'केऑस', म्हणजे अंदाधुंदीचे गुण मिळतात आणि त्या गुणांवर कथा पुढे सरकते. दिसायला हा खेळ अधिक देखणा आहे, पण आम्हांला तो अधिक खोटा वाटला. गावाला मुक्त करायचे म्हणून आपण त्या गावाची पाण्याची टाकी उडवतो, वीज तोडतो आणि पडद्यावर गुण वाढतात. उद्या त्या गावात पाणी कोण भरणार, हे विचारायला एकही बाई हंडा घेऊन पुढे येत नाही. या मालिकेतले चारही देश काल्पनिक आहेत : एक कॅरिबियनमधला, एक आग्नेय आशियातला, एक भूमध्य समुद्रातला, एक दक्षिण अमेरिकेतला. मोडतोडीचे मैदान दर वेळी कुणाच्या तरी दूरच्या, गरीब, हुकूमशहा असलेल्या देशात पडते. हा योगायोग नाही.

'गुरिल्ला' या बाबतीत थोडा जास्त प्रामाणिक आहे. तिथे सामान्य रहिवासी तुमच्या हातून मेले की लोकांचे मनोधैर्य घसरते आणि मग ते तुमच्या मदतीला कमी येतात. परंतु हा हिशेबही आकड्यांचाच आहे. मेलेल्याला नाव नाही, पडलेल्या घराला मालक नाही. त्यातच 'रेकिंग क्रू' नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात कथा नाही, जुलूम नाही, बंडही नाही. आळीपाळीने खेळायचे आणि ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त पाडून दाखवायचे. भाचा आणि त्याचे मित्र सर्वांत जास्त तेच खेळतात. तेव्हा बंडाची कथा ही मोडण्याच्या आनंदावर घातलेली शाल होती काय, असा संशय येतो आणि तो पूर्णपणे फिटत नाही.

येथे आम्हांला शहर-आशोब आठवतो. उजाड झालेल्या शहराचे दुःख मांडणारा हा उर्दू कवितेचा प्रकार. अठराव्या शतकात मीर आणि सौदा यांनी दिल्लीची दैना लिहिली. नजीर अकबराबादी यांनी आग्र्याची लिहिली. त्यात एकेका धंद्यातले कारागीर हातावर हात ठेवून बसलेले दिसतात. 1857 नंतर इंग्रजांनी लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली वस्ती पाडली. तेव्हा गालिबने पत्रांतून कोणती गल्ली गेली, कोणता बाजार गेला, कोण कुठे गेला, हे मित्रांना कळवले. पडझड तिथेही आहे, पण प्रत्येक ढिगाऱ्याला पत्ता आहे. खेळात ढिगारा आहे, पत्ता नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो हिंसेवरच्या नेहमीच्या आक्षेपापेक्षा निराळा आहे.

मात्र एका ठिकाणी या खेळाने आम्हांला निरुत्तर केले. इमारत पाडली की ढिगाऱ्यातून भंगार मिळते. ते वेचायचे आणि त्यातून हत्यारे सुधारून घ्यायची. भाचा पळत जाऊन तुकडे वेचत होता आणि आम्हांला 2004 साल आठवले. आम्ही दहावीत होतो. रस्तारुंदीकरणात मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांवर पांढरी रेघ मारली गेली. आमची बैठकीची खोली रेघेच्या पलीकडे होती. यंत्र चालवणाऱ्यालाही खांब ठाऊक होते. अर्ध्या तासात काम झाले. अब्बा समोरच्या ओट्यावर बसून राहिले. अम्मी मात्र लगेच उठली. न फुटलेली कौले एका बाजूला, आख्ख्या विटा दुसऱ्या बाजूला. आम्ही भावंडे आठवडाभर विटांचा चुना खरवडत होतो. सागवानी चौकट तिने शेजाऱ्यांच्या मदतीने बाहेर काढली. आज घराच्या मागच्या दाराला तीच चौकट आहे आणि आमच्या लहानपणी अब्बांनी आमची उंची मोजून केलेल्या खुणा तिच्यावर अजून दिसतात.

म्हणजे ढिगाऱ्यातून वेचणे हे खेळाने अगदी बरोबर पकडले. फक्त त्या वेचलेल्या तुकड्यांची तिथे हत्यारेच होतात, चौकट होत नाही. 2011 साली आलेल्या 'रेड फॅक्शन : आर्मागेडन'मध्ये नायकाला मोडलेली वस्तू पुन्हा उभी करण्याची शक्ती दिली आहे. तुटलेला जिना, भिंत, पूल डोळ्यांदेखत जोडले जातात. पण त्या खेळात खुला मुलूख काढून घेऊन बहुतेक वेळ भुयारातल्या एका वाटेने नेले आहे. फिरायला मोकळे जग आणि बांधायला मोकळे हात या मालिकेने एकाच वेळी दिले नाहीत.

आमचे मत विचाराल तर 'गुरिल्ला' मुलांच्या हातून काढून घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. थोरल्या मुलांनी तो जरूर खेळावा, पण शेजारी कुणी मोठे माणूस असावे. सुटी संपण्याआधी आम्ही भाच्याला मागच्या दाराशी नेले आणि त्या खुणा दाखवल्या. त्याने चौकटीवर हात फिरवला, वर पाहिले आणि विचारले, "मामू, इसके उपर वजन किसका है?" आम्ही त्याला तुळई दाखवली. मग तो खुणांपाशी पाठ लावून उभा राहिला आणि आम्ही पेन्सिल शोधायला आत गेलो.