ग्रंथालयाचे दार आणि न बोलणारे यंत्र

ग्रंथाची समीक्षा आपल्याकडे उदंड होते. ग्रंथ ज्या वस्तूतून वाचायचा, त्या वस्तूची समीक्षा मात्र क्वचितच कोणी करतो. कागदी पुस्तकाच्या बाबतीत तशी गरजही नव्हती. कागद बोलत नाही, हा कागदाचा स्वभाव झाला. त्याबद्दल अंध वाचकाने प्रकाशकाला जाब विचारावा, असे कोणाच्या मनात आले नाही. परंतु ग्रंथालये पुस्तकाऐवजी वाचनाचे यंत्रच घरी नेण्यास देऊ लागली, तेव्हा प्रश्न बदलला. यंत्राचा स्वभाव निसर्गाने दिलेला नसतो. तो कोणीतरी ठरवलेला असतो. म्हणूनच त्याची समीक्षा करता येते आणि करावी लागते.

या प्रश्नाची सर्वांत बोधप्रद कथा अमेरिकेत 2009 साली घडली. त्या वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉन कंपनीने किंडल या ई-वाचकाची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात पुस्तक मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय होती. पाठोपाठ मोठ्या पडद्याचे किंडल डीएक्स आले, आणि अ‍ॅरिझोना स्टेट, प्रिन्स्टन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, पेस, रीड यांसारख्या विद्यापीठ-महाविद्यालयांनी पाठ्यपुस्तके त्यावरून शिकविण्याचा प्रयोग हाती घेतला. पाठीवरचे ओझे जाईल, कागद वाचेल, असा सगळा उत्साह होता.

गोम अशी की, यंत्र पुस्तक वाचून दाखवी. पण पुस्तक निवडण्याची, पान शोधण्याची, आवाज सुरू करण्याची यादी मात्र मुकीच होती. ती डोळ्यांनी वाचल्याशिवाय आवाजापर्यंत पोहोचता येत नसे. विहिरीला पाणी आहे, पण पोहरा डोळसांच्याच हाती! दुसरी अडचण आणखी सूक्ष्म होती. वाचून दाखविणे म्हणजे ध्वनिपुस्तकाचा हक्क वापरणे होय, अशी हरकत तेथील लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, घेतली. तेव्हा कोणत्या पुस्तकाचा आवाज बंद ठेवायचा हे ठरविण्याची मुभा कंपनीने हक्कधारकांना दिली. म्हणजे एका दाराला दोन कुलुपे झाली: एक कारखान्याचे, दुसरे प्रकाशकाचे.

लेखकांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. ध्वनिपुस्तकांवर अनेकांचे उत्पन्न अवलंबून असते. पण यंत्राचा सपाट स्वर आणि कसलेल्या वाचकाने रंगवून केलेले अभिवाचन यांत जो फरक आहे, तो आपल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय विकत घेतलेले पुस्तक आईने मुलाला वाचून दाखवले, तर तेथे कोणी हक्क मागत नाही. मग तेच काम यंत्राने केले की तो अपहार कसा ठरतो, याचे समाधानकारक उत्तर त्या वादात मिळत नाही.

जून 2009 मध्ये अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना आणि एक अंध विद्यार्थी यांनी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कंपनीने काय बनवावे हा एक प्रश्न. सार्वजनिक शिक्षणसंस्थेने काय वर्गात आणावे हा दुसरा. 1973 चा पुनर्वसन कायदा आणि 1990 चा अपंग नागरिकांचा कायदा या दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवतात. माझ्या मते हेच या प्रकरणाचे मर्म आहे. दुकानदाराने अपुरी वस्तू विकली तर तो व्यापार; ग्रंथालयाने ती घेऊन सभासदांना वाटली, की तो संस्थेचा निर्णय होतो.

एक बचाव अशा वेळी नेहमी पुढे येतो: प्रयोग लहान आहे, अंध विद्यार्थी एखाद-दुसरा, त्याची वेगळी सोय करू. हा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटतो, पण तपासून पाहावा. वेगळी सोय म्हणजे बहुधा उशिराची सोय. वर्ग तिसऱ्या प्रकरणावर पोहोचतो, तेव्हा ब्रेल प्रत किंवा ध्वनिमुद्रण पहिल्या प्रकरणावर असते. शिवाय लहान प्रयोगच पुढे मोठी वहिवाट होतात. एकदा पन्नास यंत्रे खरेदी झाली की त्रुटी दाखविणारा माणूस प्रगतीचा विरोधक ठरतो.

म्हणूनच या कथेत खरे कौतुक करावे असे वाटते ते ग्रंथपालांचे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इतिहासाच्या एका वर्गासाठी 20 किंडल घेतले होते. यंत्र हाती खेळवून पाहिल्यावर, अंध विद्यार्थ्यांना ते वापरता येईपर्यंत मोठी खरेदी करणार नाही, असे त्या विद्यापीठाने नोव्हेंबर 2009 मध्ये जाहीर केले. सिरॅक्यूज विद्यापीठानेही तीच भूमिका घेतली. त्यानंतर महिनाभरातच कंपनीने बोलणाऱ्या यादीची घोषणा केली, आणि 2010 च्या किंडलमध्ये ती आली. मोठ्या ग्राहकाचा नकार किती गोष्टी घडवू शकतो, याचा हा धडा आहे.

जानेवारी 2010 मध्ये दाव्यात तडजोड झाली. त्याच सुमारास न्याय खात्याने इतर संस्थांशी करार केले: अंधांना वापरता येत नाही असे ई-वाचक वर्गात अनिवार्य करायचे नाहीत. 29 जून 2010 रोजी न्याय आणि शिक्षण या दोन खात्यांनी सर्व महाविद्यालयप्रमुखांना पत्र पाठवून हेच बजावले. 2012 मध्ये सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नूक नावाचे ई-वाचक सभासदांना देण्याबाबत असाच करार केला आणि अंधांना वापरता येतील अशी किमान 18 यंत्रे घेण्याचे मान्य केले.

एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण पुढचे पान तितके उजळ नाही. 2012 च्या पेपरव्हाइट किंडलमधून आवाजच गेला. यंत्र हलके झाले, देखणे झाले आणि पुन्हा मुके झाले. 2013 मध्ये तीन उत्पादकांनी, आमची यंत्रे वाचनासाठी आहेत, संपर्कासाठी नाहीत, या कारणावर अपंगांसाठीच्या दूरसंचार नियमांतून सूट मागितली. जानेवारी 2014 मध्ये ती वर्षभरासाठी मिळाली आणि पुढे वाढलीही. ब्लूटूथ श्रवणयंत्रणेमार्फत पडदा वाचून दाखविणारे साधे किंडल यायला 2016 उजाडले. तात्पर्य, मिळवलेली सोय राखावी लागते. ती आपोआप टिकत नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना आपल्याला परकी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यात आणले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. वाचक येत नसेल तर ग्रंथालयाने जावे, हे त्यामागचे सूत्र. कायदाही आपल्या बाजूचा आहे. 2012 च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ प्रती करण्यास मोकळीक दिली; त्याच उद्देशाच्या माराकेश करारास 2014 मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश; 2016 पासून सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन सोय आहे.

अडते ते मजकुरात. जुनी मराठी पुस्तके संगणकावर आली ती बहुतांशी पानांची छायाचित्रे म्हणून; त्यांत डोळ्यांना अक्षर दिसते, यंत्राला नुसते चित्र. जुन्या डीटीपी टंकांत जुळवलेला मजकूर यंत्र वाचू लागते, तेव्हा रोमन अक्षरांचा गोंगाट ऐकू येतो. आपल्यासारख्या द्विभाषिक भागात आणखी एक पेच आहे. कन्नड आणि मराठी यांची लिपी वेगळी, त्यामुळे यंत्राला भाषा ओळखता येते. पण मराठी आणि हिंदी एकाच लिपीत. भाषेची खूण फाइलीत केली नसेल, तर तुकोबांचा अभंगही हिंदी वळणाने कानी पडू शकतो. एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य आहे आणि मराठी-कन्नड दोन्ही आवाज उपलब्ध आहेत. म्हणजे पैशाची सबब येथे फारशी टिकत नाही.

तेव्हा आपल्या महाविद्यालयांच्या व वाचनालयांच्या कार्यकारिणीपुढे दोनच मागण्या ठेवाव्याशा वाटतात. ई-वाचक खरेदीपूर्वी एका अंध सभासदाच्या हाती द्यावा. बटण दाबण्यापासून पुस्तकाचे पान ऐकेपर्यंत त्याला कोणाची मदत लागली, तर खरेदी थांबवावी. दुसरी मागणी आपणा संपादक-प्रकाशकांकडे आहे. छापखान्यात जाणाऱ्या अंकाची युनिकोडमधील एक स्वच्छ प्रत जपून ठेवावी आणि मागणाऱ्या अंध वाचकास ती द्यावी. सीमाभागात मराठीचा वाचक टिकावा म्हणून आपण दरवर्षी कळकळीने लिहितो. त्या वाचकांच्या मोजदादीत डोळ्यांनी न वाचणारा मराठी माणूस धरलेला आहे की नाही, हे या दोन गोष्टींवरूनच कळेल.